व्यावसायिक संघटनेची घटनादुरुस्ती : ठराव का पडतात आणि पुन्हा कसे आणावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुंबईतल्या स्ट्रक्चरल सल्लागारांच्या एका जुन्या संघटनेचे तुम्ही सहसचिव आहात. कार्यालय दादरला, सभासद साडेचारशेच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त आजीव. गेल्या वार्षिक सभेत कार्यकारिणीने पाच बदल एकाच ठरावात मांडले. ऑनलाइन मतदान, पदाधिकाऱ्यांना सलग दोनच मुदती, आजीव सभासदत्व बंद करून वार्षिक वर्गणी, ठाणे आणि नवी मुंबईत शाखा, आणि छापील अंकाऐवजी ईमेलवर अंक. सभेत आरडाओरडा झाला, एक माजी अध्यक्ष उठून निघून गेले, ठराव बारगळला. आता तुम्ही विचारताय की सभासदांची मानसिकता बदलायची कशी, आणि शेवटी हेही की कंटाळून राजीनामा द्यावा का.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा मंडळींच्या संघटनांच्या घटनादुरुस्त्या, निवडणुका आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातली कामं बरीच वर्षं करतेय. उत्तरातलं काही तुमच्या नोंदणीवर अवलंबून आहे. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे असं धरून मी लिहितेय. मुंबईतल्या जुन्या संघटना बहुधा तशाच असतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली (नफा न वाटणारी कंपनी म्हणून) असाल तर पुढचा कायद्याचा भाग सोडून द्या, माणसांचा भाग तेवढा घ्या.

आधी ‘मानसिकता’ हा शब्द बाजूला ठेवू. तुमच्या क्षेत्रातल्या ज्येष्ठांना बदल झेपत नाही, हे मला पटत नाही. आयएस ४५६ ही काँक्रीटची संहिता २००० साली सुधारली आणि वर्किंग स्ट्रेस ही गणिताची जुनी पद्धत परिशिष्टात जाऊन बसली. ज्यांनी उभी कारकीर्द त्या पद्धतीने गणितं केली होती, त्यांनीच लिमिट स्टेट ही नवी पद्धत पचवली आणि ईटॅब्स, स्टाड ही सॉफ्टवेअर शिकून घेतली. कारण त्याशिवाय काम मिळालं नसतं. म्हणजे प्रश्न स्वभावाचा नाही. या बदलात माझं काय जाणार आणि मला काय मिळणार, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हा आहे.

आणि दुसरं. कंपनीत साहेब म्हणाला की सोमवारपासून नवी पद्धत सुरू होते, लोक कुरकुरतात आणि कामाला लागतात. संघटनेत तुम्ही साहेब नाही. समोर बसलेला माणूस वर्गणी भरून आलेला आहे, त्याचं आणि तुमचं मत एकाच वजनाचं आहे. त्याला ‘अंमलबजावणी’ ऐकवली की तो अंगावर येणारच.

आता तुमच्या ठरावाकडे बघा. तुम्ही प्रश्नासोबत इतिवृत्ताचा जो मजकूर दिलाय, तो मी दोनदा वाचला. ऑनलाइन मतदानाला विरोध करणारे वेगळे आहेत, त्यांना गुप्ततेची काळजी आहे. मुदतमर्यादेला विरोध करणारे फार थोडे, पण सगळे माजी किंवा आजी पदाधिकारी. आजीवचा मुद्दा निघाल्यावर बोलणारे तिसरेच. ठाण्याच्या शाखेवर आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांना बाकी सगळं मान्य होतं, तसं ते म्हणालेही! पाच मुद्द्यांचे पाच वेगवेगळे, एकेकटे दुबळे विरोधक होते. तुम्ही सगळं एका ठरावात बांधलंत आणि त्यांची आघाडी करून दिलीत.

म्हणून पहिलं काम म्हणजे सुटं करणं. सुटं केल्यावर लक्षात येईल की यातल्या दोन गोष्टींना निदान आत्ता घटनादुरुस्ती लागतच नाही. अंक छापायचा की ईमेलने पाठवायचा, हे बहुतेक घटनांमध्ये कार्यकारिणीच्या अखत्यारीत असतं. तुमचं कलम तपासा, आणि तसं असेल तर हा विषय सर्वसाधारण सभेत नेऊच नका. अंकासोबत एक पत्र घाला, छापील हवा असेल त्यांनी कार्यालयात फोन करून नाव नोंदवावं. नाव नोंदवणाऱ्याला छापील अंक जात राहील. आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान निघतो, आणि ज्याला खरोखर छापील हवाय त्याला तो मिळतो. मग भांडायचं कशासाठी?

शाखेचंही तसंच. तुमच्या सभा मंगळवारी संध्याकाळी सहाला दादरला होतात म्हणता. खारघरच्या साइटवर स्लॅबच्या आधी सळया तपासणारा मुलगा त्या वेळेला तिथे कसा पोहोचणार? आणि रविवारी ठेवली तर मेगाब्लॉक. शाखा न काढता पुढचं वर्षभर दर दुसरा कार्यक्रम ठाण्यात किंवा वाशीत घ्या, एखाद्या कॉलेजचा हॉल मागा. गर्दी झाली तर शाखेचा ठराव आपसूक येईल, नाही झाली तर शाखा काढून तरी काय करणार होतात? एक मात्र तपासून ठेवा. जुन्या घटनापत्रात ‘कार्यक्षेत्र : बृहन्मुंबई’ अशी ओळ हमखास असते. कार्यक्रम घ्यायला ती आड येत नाही, पण शाखा काढायच्या वेळी येते.

उरले तीन. त्यात सगळ्यात नाजूक आजीव सभासदांचा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

हिशेबाची बाजू साधी आहे. समजा १९९५ च्या सुमारास कुणी २,००० रुपये भरून आजीव सभासद झालं. तेव्हा मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला २४० रुपये. आज साडेसहा टक्के धरले तर त्याच ठेवीवर १३० रुपये येतात. त्यात वर्षाचे अंक, टपाल, कार्यालयातल्या माणसाचा पगार, विजेचं बिल. खजिनदाराला हे तोंडपाठ असतं आणि सभासदाच्या गावीही नसतं, कारण ताळेबंदात ‘आजीव सभासद निधी’ असा एकच आकडा दिसतो. तो निधी दरवर्षी आहे तिथेच असतो, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

पण दुसरी बाजू ऐका. आजीव सभासद सभेत उठून काय म्हणतो? ‘आम्ही पैसे भरले तेव्हा संघटनेला टेबल ठेवायला जागा नव्हती. ही दादरची खोली आमच्या पैशांतून घेतली.’ आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. ‘आजीव सभासदत्व बंद’ हे शब्द कानावर पडले की त्याच्या डोक्यात पुढच्या तीन पायऱ्या तयार होतात : आता माझ्याकडे दरवर्षी पैसे मागणार, नाही दिले तर मत काढून घेणार, आणि मग ही मुलं खोली विकून कुठेतरी कोवर्किंगमध्ये जाऊन बसणार. तुमच्या मनात यातलं काहीही नसेल. ठरावात मात्र तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

तर लिहा. ‘या दुरुस्तीच्या तारखेपर्यंत आजीव सभासद झालेल्या सर्वांचे मतदानासह सर्व हक्क कायम राहतील आणि त्यांच्याकडून कोणतीही वार्षिक वर्गणी सक्तीने आकारली जाणार नाही.’ हे वाक्य ठरावातच हवं, अध्यक्षांच्या भाषणात चालणार नाही. खोलीबद्दल सांगा की सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायला १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कार्यकारिणीच्या मनात आलं म्हणून ती विकता येत नाही. पुष्कळ सभासदांना हे माहीत नसतं. आणि एवढं करून झाल्यावर आजीव सभासदांना स्वेच्छेने वार्षिक देणगी देण्याचं साधं पत्र पाठवा. देणारे निघतात. पूर्वी कुणी मागितलीच नव्हती.

मुंबईत पुनर्विकासाच्या कागदावर सभासद सही कधी करतो? बिल्डरचा रंगीत ब्रोशर बघून नाही, आपल्याला किती कार्पेट मिळणार आणि भाडं कुठल्या तारखेला जमा होणार हे करारात उतरल्यावर. संघटनेतही नेमकं तेच आहे. म्हणून मी दुरुस्तीचा मसुदा चार रकान्यांच्या तक्त्यात करून घेते. जुनं कलम, नवं कलम, कारण, आणि चौथा रकाना ‘कोणाचं काय जाईल’. चौथा रकाना लिहिताना कार्यकारिणीची फार चुळबुळ होते. ‘मॅडम, हे आपणच कशाला सांगायचं?’ असं हमखास कुणीतरी विचारतं. कारण तुम्ही नाही सांगितलं तर सभेत दुसरं कुणीतरी ते तिखटमीठ लावून सांगणार आहे.

मुदतमर्यादेत हा चौथा रकाना सगळ्यात जास्त झोंबतो. इथे क्रिकेट मंडळाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवा. २०१३ च्या आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगनंतर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली, आणि जुलै २०१६ मध्ये तिच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या. तीन वर्षांच्या प्रत्येक मुदतीनंतर सक्तीची विश्रांती आणि ‘एक राज्य, एक मत’ या त्यातल्या गाजलेल्या दोन. दुसरीमुळे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांमध्ये मिळून एकच मत उरत होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानेच तिघांची मतं परत दिली आणि विश्रांती सलग दोन मुदतींनंतर केली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती आणखी सैल झाली, राज्य संघटनेत दोन आणि मंडळात दोन मुदतींपर्यंत. मी यातून एवढंच घेते की देशातलं सर्वोच्च न्यायालय पाठीशी असूनही खुर्चीवरच्या माणसाला लागू होणारा नियम टिकवायला वर्षानुवर्षं झगडावं लागतं. तुमच्या पाठीशी तर दादरच्या खोलीतली कार्यकारिणीची सोळा माणसं आहेत.

तेव्हा मुदतमर्यादा सगळ्यात शेवटी आणा, आणि आणताना मोजणी कुठून सुरू होणार ते कलमातच स्पष्ट करा. मागच्या मुदती धरल्या तर ठराव तीन विशिष्ट माणसांविरुद्धचा होतो, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ती तीन नावं ठाऊक असतात. चालू मुदत ही पहिली धरा. तत्त्व म्हणून हे थोडं बोटचेपं वाटेल. पण नियम पास होईल, आणि काही वर्षांनी लागू होईलच.

ज्येष्ठांचं काय करायचं, असं तुम्ही वेगळं विचारलंय. कृपा करून त्यांना ‘मार्गदर्शक मंडळात’ पाठवू नका. त्याचा अर्थ हल्ली शाळकरी पोरालाही कळतो. त्यांना काम द्या, आणि तेही दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं. तुमच्याच क्षेत्रात ते समोर आहे. गिरगाव, भुलेश्वर, माझगावच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लावलेल्या जुन्या) इमारती, त्यातल्या ‘अ’ वर्गातल्या तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. सागवानी तुळया, भार पेलणाऱ्या विटांच्या भिंती, चुन्याचं काम. आजच्या पदवीधराने हे पुस्तकात फारसं पाहिलेलं नसतं. मात्र ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक केलंय, म्हणजे काम त्याच्याकडे येणार आहे. एका ज्येष्ठामागे पाच तरुण, महिन्यातून एक शनिवार सकाळ, एक जुनी चाळ. कुठली तुळई वरून धडधाकट दिसते पण भिंतीत शिरते तिथे कुजलेली असते, हे हातोडीच्या आवाजावरून सांगणारा माणूस तुमच्या सभेतून उठून गेला असेल, तर त्याला परत आणायचा हा रस्ता आहे. घरी जाऊन बोलवा, पत्र पाठवून नाही.

‘इतकी वर्षं हेच चालत आलंय’ असं म्हणणाऱ्यांना शेजारच्या व्यवसायाचं उदाहरण द्या. जे. जे.च्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये मुंबईत एक विद्यार्थी संघटना काढली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. १९२२ मध्ये ती बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. बारा वर्षांत दोनदा नाव आणि आवाका बदलला, म्हणून ती आज देशभर आहे.

तरुण सभासद का येत नाहीत, याचं उत्तर ऑनलाइन मतदानात नाही, हेही सांगून टाकते. त्यांना मत द्यायचंय असं त्यांनी कुठे म्हटलंय? संहितेतल्या शंकेचं उत्तर त्यांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर दहा मिनिटांत मिळतं. बिल्डरने अडकवलेली फी, करारपत्राचा चांगला नमुना, व्यावसायिक जोखमीचा गटविमा, या गोष्टी एकट्याने होत नाहीत. त्यातली एक जरी संघटनेने वर्षभरात उभी केली तर वार्षिक वर्गणीचा ठराव तरुणच पुढे रेटतील. फक्त ‘किमान फी’ ठरवणारा ठराव करू नका, कितीही टाळ्या पडल्या तरी. संघटनेने दर ठरवून देणं स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकू शकतं. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने कारवाई केलेली आहे.

आता कार्यपद्धती. ती नीट नसेल तर वरचं सगळं फुकट जातं, कारण हरलेला माणूस ठरावावर नाही, सूचनेवर हल्ला करतो.

मतदारयादीपासून सुरू करा. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्या व्यक्तीला मत देता येत नाही, ती सभासद म्हणून मोजलीही जात नाही. त्यामुळे सभेच्या आधी थकबाकीदारांना लेखी कळवा, भरायला मुदत द्या आणि यादी कार्यालयात लावा. मृत सभासदांची नावं काढा. हे कंटाळवाणं काम आहे आणि वाद झाला की सगळी मदार त्यावरच असते.

घटनेत दुरुस्तीची रीत दिली असेल ती अक्षरशः पाळा. संस्थेच्या उद्देशांना हात लागत असेल तर १८६० च्याच कायद्याचं कलम १२ आहे : विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला लेखी, सभेत तीन पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि तिथेही तीन पंचमांशांची संमती. कार्यक्षेत्राची ती ओळ बदलायची वेळ आली तर मी याच वाटेने जायला सांगते, लांब पडली तरी. घटनादुरुस्ती ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली कधीही घेऊ नका. आणि ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल’ हे कलम रोजच्या कामासाठी ठीक आहे. त्या अर्ध्या तासानंतर उरलेल्या बावीस माणसांनी घटना बदलली, असं चौकशीत सांगायची वेळ येऊ देऊ नका. आवाजी मतदानही नको. मतपत्रिका, मोजणी, आणि मोजणाऱ्यांत एक विरोधकांचा माणूस.

ऑनलाइन मतदानाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. २०२० मध्ये ऑनलाइन सभांना मुभा देणारी जी परिपत्रकं निघाली, त्यांतली कंपनी व्यवहार मंत्रालयाची परिपत्रकं कंपन्यांसाठी होती. तुमच्या संस्थेला आधी स्वतःच्या घटनेत तरतूद करावी लागेल, आणि ती करणारी सभा प्रत्यक्ष हजेरीचीच घ्या. पहिली निवडणूक दोन्ही पद्धतींनी ठेवा, ज्याला कागदावर शिक्का मारायचाय त्याने दादरला यावं.

ठराव झाल्यावर धर्मादाय कार्यालयात १९५० च्या कायद्याच्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट (नोंदीतला बदल कळवणारा अहवाल) ९० दिवसांत गेला पाहिजे. फक्त विश्वस्त बदलले तरच तो लागतो असं नाही. विश्वस्त कसे निवडले जातात, ही परिशिष्ट एकमधली, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदपत्रकातली, नोंद असते, त्यामुळे मुदतमर्यादा आणि मतदानपद्धतीचे बदलही तिथे पोहोचतात. विरोधक हरकत घेऊ शकतात आणि चौकशी लांबू शकते. त्या वेळी सूचनेची प्रत, टपालाच्या पावत्या, हजेरीपट, मतपत्रिका हेच तुमच्या बाजूने बोलतात. उद्देश बदलत असतील तर आयकराच्या नोंदणीवर काय परिणाम होतो हे ठरावाच्या आधी सीएला विचारा, नंतर नको.

तर माझ्या दृष्टीने क्रम असा : अंक आणि कार्यक्रमांची जागा आत्ताच, ठरावाविना. मग सभासदयादी. मग वर्गणी, आजीव हक्कांच्या संरक्षक वाक्यासह. वर्षभराने ऑनलाइन मतदान, आणि मुदतमर्यादा पुढच्या निवडणुकीच्या अगदी तोंडावर न आणता तिच्या निदान वर्षभर आधी. पडलेला ठराव पुन्हा किती दिवसांनी आणता येतो, याचं बंधन तुमच्या घटनेत असेल तर तेही पाहा.

राजीनाम्याचं म्हणाल, तर इतक्यात देऊ नका. विश्वस्त म्हणून तुमचं नाव परिशिष्ट एकमध्ये असेल तर तुमच्या जाण्याचाही वेगळा चेंज रिपोर्ट करावा लागेल, आणि मागच्या निवडणुकीचा अजून प्रलंबित असेल तर एकावर एक दोन. गेल्या सभेचं इतिवृत्त तुमच्या हातचं आहे, ते पुढच्या सभेत वाचून कायम व्हायचंय. निदान तोवर थांबा. आणि त्या इतिवृत्तात माजी अध्यक्ष ‘रागाने निघून गेले’ असं लिहिलंय, ते काढा. त्यांचा आक्षेप काय होता ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि पाठवण्यापूर्वी त्यांना एकदा वाचून दाखवा.